हिरडीवरची गाठ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यातील पत्रांपैकी बरीच पत्रे हिरडीवर उगवलेल्या गाठींविषयी आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली असून गाव आणि वय तेवढे ठेवले आहे. पत्रातील वर्णनावरून किंवा सोबत पाठवलेल्या छायाचित्रावरून गाठीचे निदान होत नाही. त्यामुळे ही उत्तरे दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी आणि तेथून आल्यावर गोष्टी नीट समजाव्यात एवढ्यासाठीच वाचावीत.

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लालभडक, हरभऱ्याएवढी गाठ आली असून ब्रश लागला की रक्त येते. सासूबाई म्हणतात, बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावू द्यायचा नाही. गाठ कॅन्सरची तर नसेल ना? (वय २६, नाशिक)

उत्तर : तुम्ही केलेले वर्णन गरोदरपणात हिरडीवर येणाऱ्या एका नेहमीच्या, निरुपद्रवी गाठीशी जुळते. वैद्यकात तिला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाच किंवा त्याहून कमी जणींना ती होते, बहुधा चौथ्या महिन्यानंतर, आणि वरच्या पुढच्या दातांच्या मधली हिरडी हे तिचे सर्वांत आवडते ठिकाण आहे. ही गाठ म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाट पुंजका असतो, म्हणूनच तिचा रंग इतका लाल दिसतो आणि जरासा धक्का लागला तरी रक्त येते. तिच्यात पू नसतो, ती संसर्गजन्य नाही आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही.

ती का होते, हे कळले तर काय करायचे तेही आपोआप स्पष्ट होते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके वाढतात आणि त्यामुळे दातांवर साचलेल्या जंतूंच्या थराला, म्हणजे प्लाकला, हिरडी एरवीपेक्षा कितीतरी तीव्र प्रतिसाद देते. म्हणजे संप्रेरके गाठ मोठी करतात, पण सुरुवात बहुतेक वेळा दाताच्या मुळाशी जमलेले कीटण, भरलेल्या दाताची खरबरीत कडा किंवा मध्ये अडकलेला अन्नाचा कण यांपासून होते. गरोदर नसलेल्या स्त्रियांना, पुरुषांना आणि लहान मुलांनाही हीच गाठ होते, ती याच कारणाने.

सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु दात साफ करून घेणे, म्हणजे स्केलिंग, गरोदरपणात सुरक्षित आहे आणि तुमच्या बाबतीत ते आवश्यकही आहे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा मानतात. सातव्या महिन्यात ते करताना एवढीच काळजी घ्यावी की बराच वेळ सरळ उताणे झोपू नये, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडून चक्कर येऊ शकते. उजव्या कमरेखाली लहान उशी घेऊन किंचित डावीकडे कलून बसावे आणि मधूनमधून विश्रांती मागून घ्यावी. बधिर करण्यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन गरोदर स्त्रियांना देता येते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, मात्र आयब्युप्रोफेनसारखी औषधे या महिन्यांत स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. तपासणीला जाण्यापूर्वी आपल्या प्रसूतितज्ज्ञांनाही ही गोष्ट सांगून ठेवावी.

गाठ लगेच काढावी का, याचे उत्तर सहसा ‘थांबावे’ असे असते. गरोदरपणात काढलेली गाठ पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो आणि प्रसूतीनंतर संप्रेरके पूर्वपदावर आली की बऱ्याच गाठी स्वतःहून आक्रसतात. घास चावताना ती दाताखाली येत असेल, रोज बराच रक्तस्राव होत असेल किंवा ती झपाट्याने वाढत असेल, तर मात्र वाट न पाहता ती काढावी लागते. रक्त आले तर स्वच्छ गॉज किंवा कापडाची घडी गाठीवर घट्ट दाबून दहा ते पंधरा मिनिटे धरावी, आणि दर मिनिटाला उघडून पाहू नये. प्रसूतीनंतर दोन-तीन महिन्यांनीही गाठ राहिली, तर ती काढून घ्यावी आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवला आहे याची खात्री करून घ्यावी. मधल्या काळात रक्त येते म्हणून त्या भागातील ब्रश करणे सोडू नका. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज दोन वेळा तो भाग स्वच्छ झालाच पाहिजे.

प्रश्न : माझे मोठे भाऊ अनेक वर्षे तंबाखू खातात. खालच्या दाढेजवळ हिरडीवर गाठ आली आहे, दाढही हलते. दंतवैद्यांनी बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) करायला सांगितले, पण नातेवाईक म्हणतात की गाठीला सुरी लागली की ती पसरते. एकाने दाढ काढून टाका म्हणजे गाठ बसेल असे सुचवले. (वय ५२, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमचे पत्र या सगळ्या पत्रांत मला सर्वांत तातडीचे वाटते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

बायॉप्सीमुळे हिरडीवरची गाठ पसरते, ही समजूत चुकीची आहे आणि तिने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. ती रूढ होण्यामागचे कारण मला असे दिसते : रोगी गाठ बराच काळ अंगावर काढतो, शेवटी बायॉप्सी होते, तोपर्यंत रोग पुढे गेलेला असतो, आणि नंतर जे घडते त्याचे खापर त्या एका छोट्या शस्त्रक्रियेवर फुटते. प्रत्यक्षात बायॉप्सीशिवाय गेलेले आठवडेच घातक ठरतात.

बायॉप्सी का हवी, हेही सांगतो. हिरडीवरच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. काही तंतुमय ऊतींच्या असतात, काही रक्तवाहिन्यांच्या, काहींच्या आत हाडाचे बारीक कण तयार होतात. पण वरून पाहता त्या एकमेकींसारख्याच दिसतात, आणि कर्करोगही सुरुवातीला त्यांच्यासारखाच दिसू शकतो. क्वचित प्रसंगी फुप्फुस, मूत्रपिंड किंवा स्तन अशा दूरच्या अवयवातील कर्करोगाची पहिली खूण हिरडीवरची साधी वाटणारी गाठ म्हणून प्रकट होते. कितीही अनुभवी दंतवैद्य असला तरी त्याचा डोळा येथे अंदाज देतो, निदान देत नाही. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

तपासणीचा क्रम साधारण असा असतो. दंतवैद्य गाठ केव्हा दिसली, किती वेगाने वाढली, दुखते का, कोणती औषधे सुरू आहेत, तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यांचे सेवन आहे का, हे विचारतात. बोटाने दाबून ती मऊ आहे की कडक, देठावर लोंबते आहे की रुंद बुडाची आहे, हे पाहतात. गळ्यात आणि जबड्याखाली गाठी लागतात का, तेही चाचपतात. मग एक्स-रे घेऊन गाठीखालचे हाड शाबूत आहे का, दाताच्या मुळाशी काही आहे का, याचा शोध घेतात. त्यानंतर तो भाग बधिर करून, गाठ लहान असेल तर पूर्ण आणि मोठी किंवा संशयास्पद असेल तर तिच्या कडेचा छोटा तुकडा काढतात, लागल्यास एखाद-दोन टाके घालतात आणि तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठवतात. रोगी त्याच दिवशी घरी जातो. भाऊ रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते दंतवैद्यांना आधी सांगावे, पण हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये.

दाढ काढण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. हिरडीच्या रोगानेही दात हलतात हे खरे, पण तंबाखू खाणाऱ्या माणसाची एकच दाढ हलू लागली आणि तिच्याशेजारी गाठ असेल, तर खालचे हाड पोखरले जात असण्याची शक्यता तपासून घेतलीच पाहिजे. अशा ठिकाणी निदानाआधी दात काढला तर जखम भरत नाही, रिकाम्या खड्ड्यातून मांस वाढून वर येते आणि पुढच्या उपचारांत अडचण निर्माण होते.

गाठीवर न भरणारा व्रण असणे, तोंडात पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असणे, खालचा ओठ बधिर होणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, गळ्यात कडक गाठ लागणे, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही दवडू नये. आणि यांपैकी काही नसले तरीसुद्धा तीन आठवड्यांत न गेलेली तोंडातील कोणतीही गाठ किंवा व्रण दाखवायलाच हवा. खाजगी खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईतील महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात, गोव्यात बांबोळी येथील दंत महाविद्यालयात या तपासण्या होतात. अहवालात कर्करोग आढळल्यास परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात पुढचे उपचार मिळतात.

मिश्रीविषयी येथेच लिहितो, कारण अनेक भगिनींची पत्रे ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ असे सांगून सुरू होतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती रोज नेमकी हिरडीवर चोळली जाते, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली तरी मिश्रीकडे अजूनही कित्येक घरांत दात घासण्याची पूड म्हणूनच पाहिले जाते. दंतवैद्याला तिच्याविषयी न विचारताही सांगावे.

प्रश्न : (दोन पत्रे एकत्र) वडिलांना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू आहे. वर्षभरात त्यांच्या सगळ्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढल्या आहेत. (सांगली) — माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला आकडीसाठी फेनिटॉइन सुरू आहे, तिच्या हिरड्यांमुळे दात अर्धे झाकले गेले असून ती शाळेत हसत नाही. गोळी बंद करू का? (इंदूर)

उत्तर : मुलीची गोळी बंद करू नका. फेनिटॉइन अचानक थांबवले तर एकामागून एक आकडी येण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. औषध बदलायचे की नाही, हे फक्त तिचे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. आज अपस्मारावर इतर अनेक औषधे उपलब्ध आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्याकडे निःसंकोच मांडावा, आणि ती हसत नाही हेही सांगावे, कारण चौदाव्या वर्षी ते दुय्यम लक्षण नव्हे.

फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारावर वापरले जाते आणि हिरड्या वाढल्याची नोंद पुढच्याच वर्षी झाली. ते घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा त्रास कमीअधिक होतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबावरची निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन ही औषधेही याला कारणीभूत होतात. अ‍ॅम्लोडिपिनने तो फार थोड्यांना होतो, पण ते घेणाऱ्यांची संख्याच इतकी मोठी आहे की दवाखान्यात असे रुग्ण वारंवार दिसतात. या वाढीची ओळख म्हणजे ती एका जागी गाठीसारखी नसते, दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकांपासून सुरू होऊन सर्वत्र पसरते, आणि जेथे दात नाहीत तेथे बहुधा होत नाही.

औषध एकटे हे करत नाही. त्याला साथ दातांवरच्या प्लाकची असते, म्हणून उपचाराची पहिली पायरी कसोशीची स्वच्छता हीच आहे : स्केलिंग, मऊ ब्रश, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्या उपयोगी पडतात, पण दोन आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. वडिलांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध दुसऱ्या गटातील दिले तर काही महिन्यांत हिरड्या उतरू लागण्याची चांगली आशा असते. एवढे करूनही उरलेली वाढ सुरीने किंवा लेझरने छाटता येते. पण स्वच्छतेची सवय लागण्याआधी छाटणी केली तर वर्षभरात हिरड्या पुन्हा वाढतात, आणि पालकांचा पैसा व मुलीचा धीर दोन्ही वाया जातात.

एक सूचना अवश्य लक्षात ठेवावी. असे कोणतेही औषध सुरू नसताना सगळ्या हिरड्या थोड्या दिवसांत फुगल्या, त्यांतून आपोआप रक्त येऊ लागले आणि सोबत ताप, फिकेपणा किंवा अंगावर निळसर डाग दिसले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. रक्ताच्या काही तीव्र कर्करोगांची सुरुवात अशी होते.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या हिरडीवरची गाठ दोनदा काढली, दोन्ही वेळा ती परत आली. अहवालात ‘पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा’ असे आहे. आता तिसऱ्यांदा काढावी का? (कोल्हापूर)

उत्तर : काढावी, पण या वेळी मुळापासून. ही गाठ निरुपद्रवी असून किशोरवयातील आणि तरुण मुलींत अधिक आढळते. ती वरवरच्या हिरडीतून उगवत नाही. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंपासून ती निघते आणि तिच्या आत हाडासारखे कण साठतात. म्हणून हिरडीच्या पातळीवर छाटलेली गाठ वरून गेली तरी तिचे मूळ खाली राहते. हिरड्यांच्या तज्ज्ञांकडून ती हाडावरच्या आवरणासकट काढून घ्यावी, उघड्या पडलेल्या मुळांचा पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत करून घ्यावा आणि शेजारच्या दातांवर कीटण किंवा टोचणारी कडा असेल तर तीही त्याच बैठकीत दूर करावी. इतके करूनही काही जणांत ती परत येते, तेव्हा निदान वर्षभर ठरावीक अंतराने दाखवत राहावे. समोरच्या दातांजवळ हिरडी खाली सरकून मुळे दिसू लागतील का, हे आधीच विचारून घ्यावे; तसे झाल्यास टाळूवरील ऊतीचा तुकडा लावून ती झाकता येतात.

जुन्या दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत न्याव्यात. शक्य असल्यास प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्याही मागून घ्याव्यात, कारण वारंवार येणाऱ्या गाठीत त्या पुन्हा पाहण्याचा उपयोग होतो. जांभळट रंगाची, जायंट सेल ग्रॅन्युलोमा नावाची एक वेगळी गाठ आहे. तीही परत येते आणि खालचे हाड खाते. ती वारंवार किंवा अनेक ठिकाणी आली तर रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासावे लागते, कारण त्या ग्रंथीच्या विकारात जबड्यात अशाच गाठी होतात.

प्रश्न : जुन्या किडलेल्या दाढेसमोर हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट पाणी येते, आठवड्याने पुन्हा येते. दुखत मात्र नाही. (लातूर)

उत्तर : ही गाठ नसून पू बाहेर पडण्याची वाट आहे. दाढेतील नस मरून मुळाच्या टोकाशी पू झाला आहे, आणि त्याला वाट मिळाल्यामुळेच दुखत नाही. पुळी कापून, तुरटी लावून किंवा प्रतिजैविकांचे कोर्स घेऊन ती कायमची जाणार नाही. एक्स-रे काढून त्या दाढेचे रूट कॅनल करावे, अथवा ती वाचण्यासारखी नसेल तर काढावी. कारण दूर झाले की पुळी स्वतःच बुजते.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाच्या हिरडीवर निळसर फुगवटा दिसतो. (पुणे)

उत्तर : दात वर येताना त्याच्या माथ्यावर द्रव साठून असा फुगवटा होतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत दात वर येताच तो फुटून नाहीसा होतो. सुईने टोचू नये, मध किंवा बधिर करणारे जेल चोळू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. बाळ दूध सोडत असेल, ताप असेल किंवा फुगवटा वाढत असेल तर बालदंतवैद्याला दाखवावे.

प्रश्न : आईची कवळी बारा वर्षांची आहे. खालच्या कवळीच्या कडेला मांसाच्या दोन घड्या वाढल्या आहेत. ती म्हणते, कवळी काढली की बरे वाटते, पण जेवायचे कसे? (वय ७१, रत्नागिरी)

उत्तर : दात गेल्यानंतर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, कवळी मात्र आहे त्याच मापाची राहते. ती सैल होऊन तिची कडा एकाच जागी घासत राहिली की तेथील ऊती तिच्याभोवती घड्या घालून वाढतात. घड्यांच्या मधल्या खाचेत बऱ्याचदा व्रणही असतो आणि तो आईला स्वतःला दिसत नाही.

आधी कवळीची ती कडा दंतवैद्यांकडून कमी करून घ्यावी. दोन-तीन आठवडे कवळी फक्त जेवणापुरती वापरावी, शक्य असेल तितके जेवण मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी असे ठेवून तेवढ्या वेळेपुरतीही ती बाजूला ठेवावी. रात्री ती तोंडात ठेवून झोपू नये, घासून स्वच्छ पाण्यात ठेवावी. एवढ्याने सूज ओसरून घड्या लहान होतात. व्रण मात्र कवळीचा त्रास थांबल्यावर दोन आठवड्यांत भरला पाहिजे. भरला नाही तर वयाचा विचार न करता बायॉप्सी करावी, आणि आई मिश्री लावत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. उरलेल्या तंतुमय घड्या बधिर करून काढता येतात. मधुमेह असल्यास आधी साखर तपासून घ्यावी. घड्या काढल्यानंतर काही आठवडे जुन्याच कवळीला आतून मऊ अस्तर लावून काम भागवता येते. नव्या कवळीचे माप जखम पूर्ण भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, घ्यावे.